पॅड नवे, चौरंग जुना

बेळगाव आणि बडोदा ही दोन गावे एकाच रस्त्यावर आहेत, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. आधी चार नंबरचा हायवे, मग मुंबईपुढे आठ नंबरचा, असे आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो. २०१० मध्ये नवे क्रमांक आले आणि तो सारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४८ झाला. नऊशे किलोमीटरच्या घरातला हा प्रवास आम्ही मामांच्या पंच्याहत्तरीसाठी स्वतःच्या गाडीने केला. मामा तरुणपणी नोकरीसाठी बडोद्याला गेले आणि निजामपुऱ्यात कायमचे स्थायिक झाले. गाडीत मी, सौ., बारावी झालेली लेक आणि धारवाडकडच्या माझ्या सासूबाई.

सासूबाईंना मराठी समजते, पण बोलतात त्या कानडीच. गाडी सुरू झाली की त्यांचे एकच वाक्य असते, ''सावकाश होगरी.'' 'सावकाश' हा शब्द दोन्ही भाषांत एकच असल्यामुळे मला न समजल्याचे सोंगही करता येत नाही!

निघण्याआधी महिनाभर ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून 'चींऽऽ' असा बारीक आवाज येत होता. धूळ असेल, असे म्हणून मी काचा वर केल्या आणि टेपचा आवाज वाढवला. खरे तर मला कारण थोडेफार ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी ब्रेक पॅड बदलताना मिस्त्री म्हणाला होता, ''सर, क्लिपा आणि पिनांचे रबर पण बदलूया.'' मी विचारले, ''जुने चालतील ना?'' तो म्हणाला, ''चालतील, पण...'' त्या 'पण'च्या पुढचे मी ऐकलेच नाही. काहीशे रुपये वाचले.

ते पैसे खंडाळ्याच्या घाटात वसूल झाले. पुढे मालट्रक, मागे बस आणि माझा पाय सतत ब्रेकवर. निम्मा घाट उतरलो तेव्हा करपल्यासारखा वास आला. सासूबाई म्हणाल्या, ''एनो सुट्ट वासनि बराकत्तैती.'' काहीतरी जळल्याचा वास येतोय. मी म्हणालो, ''पुढच्या ट्रकचा असेल.'' पण गाडी किंचित डावीकडे ओढ घेत होती, आणि हे फक्त स्टिअरिंग धरलेल्या माझ्या हातांना कळत होते. मी गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली आणि गप्प बसलो. निजामपुऱ्यात पोचेपर्यंत गप्पच होतो.

मामांचा हात

मामांनी दारातच ओळखले. एका कारखान्याच्या वाहन विभागात त्यांची उभी हयात गेली. ''ये, ये'' म्हणण्याआधी ते वाकले आणि त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांजवळ हाताची पालथी बाजू नेली, स्पर्श न करता. ''उजवं कोमट आहे, डावं तापलंय. ब्रेक सुटत नाहीये. आता हात लावू नकोस, उद्या सकाळी बघू. हे तूच करायचंस, मी नुसता बसून सांगणार.''

मी इतिहासाचा प्राध्यापक. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन काढले, त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख होते, दादासाहेब फाळके तिथे शिकले, आजच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेचे मूळ तिथे आहे, हे सारे मी दरवर्षी वर्गात रंगवून सांगतो. हाताला हुन्नर शिकवणारा राजा, असेही म्हणतो. पण त्याच गावात वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाना हातात घेताना मला दरदरून घाम फुटला, हे इथे कबूल केलेले बरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेव-उसळ खाऊन आम्ही कडुलिंबाखाली बसलो. जमीन सपाट, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना विटांची अडण. नट आधी थोडे सैल केले, मग जॅक लावला आणि लगेच खाली लोखंडी घोडी सरकवली. ''जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. जॅक उचलायला असतो, धरायला नाही.'' हा पहिला धडा.

चाक निघाले. चकाकणारी तबकडी म्हणजे डिस्क, आणि तिला चिमट्यासारखे धरणारा कॅलिपर. त्याचा एक बोल्ट काढून तो वर उचलला. दोन पॅड मामांनी पेपरवर शेजारी शेजारी मांडले. बाहेरच्या पॅडवर सहा मिलिमीटर मसाला शिल्लक होता. आतल्यावर जेमतेम एक! नव्या पॅडवर तो साधारण दहा असतो आणि तीनच्या आसपास आला की बदलायचा. त्या आतल्या पॅडला एक छोटी लोखंडी जीभ होती. मसाला संपत आला की ती डिस्कला घासते आणि ओरडते. महिनाभर जिच्यावर मी टेपचा आवाज चढवला होता, ती हीच.

''दोन पॅड एकाच चाकातले. मग एक म्हातारा आणि एक तरुण का?'' मामांनी विचारले. वर्गात मी विचारतो तसेच, उत्तर माहीत असताना.

उत्तर होते पिनांमध्ये. अशा कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो आणि सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन सरकली नाही तर भार आतल्या पॅडवर येतो, आणि पाय काढल्यावरही तो मागे न हटता घासत राहतो. आमच्या एका पिनेचे रबरी टोपण फाटले होते. आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस आणि तांबडी माती आत गेली, ग्रीस वाळले, पिन गंजली. पान्याने पिळवटून काढावी लागली ती. पॅड ज्या पत्र्याच्या क्लिपांमध्ये सरकतात, त्यांचीही गत तीच होती, खाली गंज फुगून पॅड खाचेत आवळले गेले होते.

''मूर्ती नवी आणलीस आणि चौरंग तोच डुगडुगता ठेवलास,'' मामा म्हणाले. ''ब्रेकचं काम नुसतं धरणं नाही रे. वेळेवर सोडणं हे निम्मं काम. धरायचं काम पॅडचं. सोडायचं या चिल्लर सामानाचं.''

सौ. चहा घेऊन आली होती. तिने तो झिजलेला पॅड हातात घेतला, उलटा केला आणि विचारले, ''घाटातला वास हाच ना?''

मी मान हलवली.

''तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?''

पुन्हा मान हलवली. ती रागावली नाही. नुसती म्हणाली, ''पोरगी होती गाडीत. आई होती. सांगायचं होतंत, थांबलो असतो.'' पॅड पेपरवर ठेवून ती आत गेली. मामा पेपराकडे बघत राहिले.

मग काय काय केले

नवे पॅड, क्लिपा, पिना आणि रबरे आणली, दोन्ही चाकांसाठी. पॅड नेहमी जोडीने बदलायचे, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबू न देता तारेने बांधून ठेवला. खाचेतला गंज तारेच्या ब्रशने खरवडला. धूळ ओल्या फडक्याने पुसली, तोंडाने किंवा हवेने उडवली नाही. पूर्वीच्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि आजचीही धूळ छातीला चांगली नाही.

पिनांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस पातळसर लावले. साधे ग्रीस चालत नाही, त्याने रबर फुगते. डिस्कला आणि मसाल्याला ग्रीसचा ठिपकाही लागू द्यायचा नाही. जुना पॅड मध्ये धरून पिस्टन क्लॅम्पने हळूहळू मागे दाबला, तेव्हा लेक बॉनेटपाशी उभी राहून डबीतले ब्रेक ऑइल वर चढून सांडत नाही ना, ते बघत होती. मामांनी डिस्कची जाडी मोजली, ती पुरेशी होती. ऑइल मात्र काळपट झाले होते. ते हवेतला ओलावा पिते आणि मग लवकर उकळते. डॉट-४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंशांना उकळते, पाणी प्यायलेले १५५ अंशांनाही उकळू शकते. घाटात ते उकळले तर पेडल थेट खाली जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचे. आम्ही गॅरेजमध्ये जाऊन तेही बदलून घेतले.

शेवटचा धडा सर्वांत महत्त्वाचा. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहायचे. पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. मग मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा वेळा मध्यम वेगावरून गाडी हळू केली, मध्ये डिस्क थंड होऊ दिली, म्हणजे नवे पॅड नीट बसतात.

वाचकहो, हे काम प्रत्येकाने घरी करावे असे मी म्हणणार नाही. जाणत्या माणसाशिवाय तर मुळीच करू नये. पण गॅरेजमध्ये चार प्रश्न विचारता येतात. आतला आणि बाहेरचा पॅड सारखाच झिजलाय का? पिना हाताने सरकतात का? क्लिपा बदलल्या का? ब्रेक ऑइल कधीचे आहे? आणि आपल्या भागात आंबोली, चोर्ला असे घाट दाराशी असताना जुन्या ड्रायव्हरांचे वाक्य लक्षात ठेवावे. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा.

परतताना खंबाटकी उतरण्याआधी मी गाडी कडेला घेतली, उतरलो आणि चारही चाकांजवळ पालथा हात नेला. सौ.ने काच खाली करून विचारले, ''काय?''

''चारी सारखीच आहेत,'' मी म्हणालो. या वेळी खरे सांगितले.

घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. मागून 'सावकाश होगरी' आले नाही, म्हणून आरशात पाहिले. सासूबाई लेकीच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपल्या होत्या.