उरुळीच्या वाटेला लागण्यापूर्वी

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सायंकाळी ज्येष्ठांच्या गप्पा रंगल्या, की उरुळीकांचनचे नाव कुणाच्या तरी ओठी येतेच. तेथील निसर्गोपचार आश्रमात काही दिवस राहावे, झाडांच्या सावलीत शरीराला विसावा द्यावा, असे आपल्यालाही वाटत असेल. विचार उत्तम आहे. मात्र पूर्वतयारी हवी.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे 30 किलोमीटरवरील या गावी 1946 च्या मार्चअखेरीस महात्मा गांधी आले. गरिबांसाठीचे निसर्गोपचार केंद्र शहरात नव्हे, खेड्यातच असावे, अशी त्यांची धारणा झाली होती. त्यांनी सोपविलेले हे काम मणिभाई देसाई यांनी आयुष्यभर सांभाळले. 1982 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला.

मातीची पट्टी, कटिस्नान, बाष्पस्नान, मसाज, योगासने आणि मिताहार ही निसर्गोपचाराची मुख्य साधने. वेळेवर जेवण, लवकर निद्रा आणि मोकळ्या हवेतील फेरफटका यांमुळे अनेकांना हलके वाटते. परंतु साठी-सत्तरीच्या पुढे प्रत्येक उपचार प्रत्येकास मानवतोच असे नाही.

पहिली दक्षता औषधांची. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना उपवास केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. ‘शरीरातील विष बाहेर पडत आहे’ अशी समजूत करून घेऊन येथे थांबू नये. रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असल्यास तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि लगेच डॉक्टरांना बोलवावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडावाटे काहीही देऊ नये. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना बाष्पस्नानानंतर एकदम उभे राहिल्यास भोवळ येते. काही क्षण बसूनच उठावे. मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झाली असेल, तर गरम पाण्याचा चटका कळत नाही. सोबत्याने पाणी आधी कोपराने तपासावे. हाडे ठिसूळ असल्यास जोरकस मसाज टाळावा. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून औषधांची यादी लिहून घ्यावी आणि ती तेथील वैद्यकीय तपासणीत दाखवावी.

दुसरी दक्षता निवासाची. तळमजल्यावरील खोली, कमोड, आधाराची दांडी आणि रात्री हाकेसरशी येणारा मदतनीस मिळेल का, हे आरक्षणापूर्वीच विचारावे. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती नव्या जागी रात्री गोंधळून बाहेर पडू शकते. तिच्यासोबत घरचे माणूस असावेच. ओळखीची चादर आणि मंद दिवाही ठेवावा.

प्रकृती साथ देत असेल, तर वाटेत थेऊरला चिंतामणीचे दर्शन घडते. थोरल्या माधवराव पेशव्यांनी 1772 मध्ये याच ठिकाणी देह ठेवला. आषाढीच्या सुमारास तुकाराम महाराजांची पालखीही लोणी काळभोरहून यवतकडे याच रस्त्याने जाते. त्या दिवसांत प्रवासाला अधिक वेळ लागतो, हे ध्यानात ठेवावे.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांनो, हा विसावा आपलाही आहे. रुग्ण उपचारांत असताना तो तासभर स्वतःसाठी राखा. परतल्यावर तेथील सगळाच दिनक्रम पाळता येणार नाही; लवकर जेवण आणि सकाळची पार्कातील एक फेरी एवढे तरी घरी टिकवावे.