विश्लेषण : सर्व प्रवासी लसवंत, तरी जहाजावर करोना कसा?

नववर्षाचे स्वागत समुद्रात करण्यासाठी मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या 'कॉर्डेलिया' क्रूझवर ६६ जण करोनाबाधित आढळले आणि दोन हजारांच्या आसपास माणसे जहाजावरच अडकली. त्याच्या चारच दिवस आधी, ३० डिसेंबरला, अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने (सीडीसी) 'लस घेतली असली तरी तूर्त क्रूझप्रवास टाळा' असा सल्ला दिला होता. तेथील जहाजांवर तर बहुतेक सर्वांनीच लस घेतलेली होती. मग लसीची अट, चाचणी, मास्क या साऱ्याचा उपयोग काय? आणि ज्यांनी सहलीचे पैसे आधीच भरले आहेत, त्यांनी काय पाहावे?

कॉर्डेलियावर काय घडले?

जहाजावरील एका कर्मचाऱ्याचा चाचणी अहवाल बाधित आला. त्यामुळे मुरगाव बंदरात पोहोचलेल्या जहाजातून कोणालाही उतरू न देण्याचा निर्णय झाला. सुमारे दोन हजार नमुने तपासण्यात आले. त्यांतील ६६ बाधित असल्याचे गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी ३ जानेवारीला जाहीर केले. पुढे जहाज मुंबईला परतले व ४ जानेवारीला तेथे पुन्हा सर्वांच्या चाचण्या सुरू झाल्या. दोन-तीन दिवसांची मौज म्हणून निघालेल्या कुटुंबांची सहल केबिनमध्ये अहवालाची वाट पाहण्यात संपली.

विमान, रेल्वे सुरू असताना क्रूझलाच वेगळे नियम का?

विमानात आपण काही तास बसतो. क्रूझवर हजारो माणसे अनेक दिवस एकत्र जेवतात, नाटक पाहतात, एकाच उद्वाहनातून वर-खाली करतात. कर्मचारी तर एका सफरीनंतर दुसऱ्या सफरीतही तेच असतात. त्यामुळे एका सफरीतला संसर्ग पुढच्या सफरीतल्या प्रवाशांपर्यंत जाऊ शकतो.

याचा धडा फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात मिळाला. 'डायमंड प्रिन्सेस' या जहाजावर ३,७११ जण होते, त्यांपैकी ७१२ जणांना लागण झाली आणि डझनाहून अधिक प्रवाशांचा मृत्यू झाला. जहाजावर १३८ भारतीय होते, त्यातले १३२ कर्मचारी. प्रवासी केबिनमध्ये बंद असताना त्यांना जेवण पोहोचवण्याचे काम हेच कर्मचारी करत होते. त्याच महिन्यात 'वेस्टरडॅम' या जहाजाला एकामागून एका देशाने बंदर नाकारले. अखेर कंबोडियाने ते घेतले.

दुसरी अडचण उपचारांची. जहाजावर डॉक्टर असतात, छोटा दवाखाना असतो, प्राणवायूची सोय असते. पण एकाच वेळी वीस-पंचवीस जणांना श्वास लागू लागला तर सांभाळेल, असे रुग्णालय नसते. गंभीर रुग्णाला किनाऱ्यावर न्यावे लागते आणि किनारा कधी लांब असतो, तर कधी बंद.

अमेरिकेत सफरी पुन्हा कशा सुरू झाल्या?

सीडीसीने १४ मार्च २०२० रोजी क्रूझबंदी लागू केली. ३० ऑक्टोबर २०२० रोजी बंदीच्या जागी 'सशर्त सफर आदेश' आला. कंपन्यांपुढे दोन मार्ग ठेवण्यात आले. पहिला : किमान ९५ टक्के प्रवासी आणि ९८ टक्के कर्मचारी पूर्ण लसीकरण झालेले असावेत. दुसरा : स्वयंसेवकांना घेऊन आधी चाचणी सफर करावी, त्यात चाचण्या, विलगीकरण, रुग्णाला उतरवणे या सगळ्याची रंगीत तालीम करून दाखवावी.

पहिला मार्ग घेणाऱ्या 'सेलेब्रिटी एज'ने २६ जून २०२१ रोजी फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेल येथून प्रवाशांसह प्रस्थान केले. अमेरिकी बंदरातून तब्बल १५ महिन्यांनी निघालेली ही पहिली मोठी क्रूझ. क्षमतेच्या सुमारे ४० टक्केच प्रवासी घेण्यात आले होते आणि त्यांतील जवळपास सर्वांचे लसीकरण झाले होते.

फ्लोरिडाने विरोध का केला?

जगातील सर्वात गजबजलेली क्रूझ बंदरे फ्लोरिडात आहेत. तेथील गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी मे २०२१ मध्ये असा कायदा मंजूर केला, की कोणत्याही व्यवसायाला ग्राहकाकडे लसीचे प्रमाणपत्र मागता येणार नाही. मागितल्यास प्रत्येक वेळी पाच हजार डॉलरपर्यंत दंड. म्हणजे केंद्रीय यंत्रणा '९५ टक्के लसवंत दाखवा' म्हणत होती आणि राज्य 'विचारूच नका' असे बजावत होते.

फ्लोरिडाने सीडीसीला न्यायालयात खेचले. १८ जूनला जिल्हा न्यायाधीश स्टीव्हन मेरीडे यांनी राज्याच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. अपिलात तो आधी स्थगित झाला, पण २३ जुलैला अपील न्यायालयाने स्वतःचीच स्थगिती मागे घेतली. त्यामुळे फ्लोरिडात सीडीसीचे नियम सक्तीचे न राहता केवळ शिफारस ठरले. दुसऱ्या बाजूला 'नॉर्वेजियन' या कंपनीने राज्याच्या कायद्याला आव्हान दिले. ८ ऑगस्टला न्यायाधीश कॅथलीन विल्यम्स यांनी कंपनीला प्रमाणपत्र मागण्याची अंतरिम मुभा दिली. एकाच बंदरातून निघणाऱ्या दोन जहाजांचे नियम तेव्हा वेगळे दिसत, त्यामागे हा कज्जा होता.

लस घेतलेल्यांनाही लागण कशी?

लस आजाराची तीव्रता कमी करते. संसर्ग ती काही प्रमाणात रोखते, पूर्णपणे नाही. डेल्टाच्या लाटेत हे दिसलेच. ऑगस्टमध्ये बेलीझला पोहोचलेल्या 'कार्निव्हल व्हिस्टा'वर २६ कर्मचारी व एक प्रवासी बाधित आढळले. ते सर्व लसवंत होते.

ओमायक्रॉनने हे चित्र कैक पटींनी मोठे केले. सीडीसीच्या माहितीनुसार ३० नोव्हेंबर ते १४ डिसेंबर या काळात अमेरिकी हद्दीतील क्रूझवर १६२ बाधित नोंदले गेले होते. १५ ते २९ डिसेंबर या पुढच्या पंधरवड्यात हा आकडा ५,०१३ झाला.

चाचणीचीही मर्यादा आहे. बहुतेक कंपन्या तेव्हा निघण्यापूर्वी दोनेक दिवसांतील अहवाल मागत. पण आज नमुना दिला, उद्या विमानतळावर लागण झाली आणि परवा जहाजावर चढलो, तर हातातला 'निगेटिव्ह' कागद खोटा नसतो, जुना झालेला असतो.

मग या अटींचा उपयोग काय?

येथेच अनेकांची गफलत होते. लसीची अट जहाज विषाणूमुक्त ठेवण्यासाठी नव्हती. विषाणू चढलाच तर जहाजाचे तरंगते रुग्णालय होऊ नये, यासाठी ती होती. चाचणीमुळे चढणाऱ्या बाधितांची संख्या घटते. मास्कमुळे चढलेल्या बाधिताकडून इतरांकडे जाणारा संसर्ग मंदावतो. आणि लागण झालेल्याला घरी, केबिनमध्ये बरे होता यावे, ही जबाबदारी लसीची. तिघांची कामे वेगळी आहेत, एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

आकडे वाचतानाही सावध राहावे. सीडीसी तेव्हा जहाजांना रंगांच्या खुणा देत असे. सात दिवसांत प्रवाशांपैकी ०.१ टक्के, म्हणजे हजारात एक जण बाधित आढळला तरी जहाज 'पिवळ्या' यादीत जाई आणि चौकशी सुरू होई. त्यामुळे 'इतक्या जहाजांवर करोना' हा मथळा खरा असला, तरी त्यावरून किती जण गंभीर आजारी आहेत हे कळत नसे.

मात्र सौम्य आजारानेही सहल मोडते. डिसेंबरमध्ये 'ओडिसी ऑफ द सीज' या जहाजावर ९५ टक्के जण लसवंत असूनही ५५ बाधित आढळले आणि कुरासाव व अरुबा या कॅरिबियन बेटांवर ते थांबू शकले नाही. प्रवाशांची प्रकृती ठीक असली तरी बंदराचा दरवाजा उघडेलच, याची हमी कोणतीही कंपनी देऊ शकत नाही.

मास्क कुठे लावायचा?

मोकळ्या डेकवर गर्दी नसेल तर तेव्हा सहसा सक्ती नसे. स्वतःच्या केबिनमध्ये आणि खाता-पिताना तो काढता येई. उद्वाहन, मार्गिका, नाट्यगृह, दुकाने, कॅसिनो येथे लावावा लागे. ९५ टक्के लसवंत असलेल्या जहाजांना २०२१च्या उन्हाळ्यात मास्कमध्ये सवलत मिळाली होती. ओमायक्रॉन आल्यावर मोठ्या कंपन्यांनी बंदिस्त जागांत तो पुन्हा सर्वांना बंधनकारक केला. म्हणजे नोंदणी करतानाचा नियम प्रवासाच्या दिवशी तोच असेल, असे गृहीत धरू नये.

१५ जानेवारीनंतर काय बदलले?

सशर्त सफर आदेशाची मुदत १५ जानेवारी २०२२ रोजी संपली. त्याची जागा तेव्हा ऐच्छिक कार्यक्रमाने घेतली. ज्या कंपन्या त्यात सहभागी होत, त्यांनी सीडीसीच्या शिफारशी पाळायच्या होत्या. याचा अर्थ तेव्हा नियम उठले असा नव्हता. लस, चाचणी व मास्क यांचा निर्णय बऱ्याच अंशी कंपनीकडे आणि वाटेतल्या प्रत्येक देशाकडे गेला. प्रवाशाला मात्र त्यामुळे अधिक चौकशी करावी लागणार होती.

भारतातून जाणाऱ्यांना काय ध्यानात घ्यावे लागे?

लस कोणती : पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कोविशिल्डला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता फेब्रुवारी २०२१ मध्ये मिळाली. कोव्हॅक्सिनला ती ३ नोव्हेंबर २०२१ रोजी मिळाली. अमेरिकेत विमानाने जाण्यासाठी तेव्हा दोन्ही चालत. तरी आपल्या क्रूझ कंपनीच्या यादीत आपली लस आहे का, हे लेखी विचारून घ्यावे लागे. कोविनवरील प्रमाणपत्रात पारपत्र क्रमांक जोडलेला असावा लागे.

मुले : आपल्याकडे १५ ते १८ वयोगटाचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ रोजी सुरू झाले. त्याहून लहान मुलांना भारतात तेव्हा लस नव्हती. अमेरिकेत मात्र पाच वर्षांपासून पुढे ती मिळत होती आणि 'डिस्ने'च्या क्रूझवर १३ जानेवारी २०२२ पासून पाच वर्षांवरील सर्वांना लस बंधनकारक झाली होती. आजी-आजोबा, आई-वडिलांच्या दोन्ही मात्रा झाल्या आणि दहा वर्षांचा नातू बंदरावरून परत, असा प्रसंग ओढवू शकत होता.

दोन चाचण्या : अमेरिकेचे विमान पकडण्यासाठी तेव्हा प्रस्थानाच्या एक दिवस आधीची चाचणी लागे. क्रूझची चाचणी त्यापेक्षा वेगळी. एकीचा अहवाल दुसरीला चालेलच असे नव्हते.

परतीचा हिशेब : भारतात येताना तेव्हा निघण्यापूर्वीच्या ७२ तासांतील आरटी-पीसीआर अहवाल लागे. ११ जानेवारी २०२२ पासून परदेशातून येणाऱ्या सर्वांना सात दिवस गृहविलगीकरण आणि आठव्या दिवशी चाचणी होती. सात दिवसांच्या सहलीसाठी पंधरा दिवसांची रजा लागू शके.

पैसे भरण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत?

निघण्याआधी अहवाल बाधित आला तर पूर्ण पैसे परत मिळणार, की फक्त पुढची तारीख? जहाजावर लागण झाली तर विलगीकरणाचा, औषधांचा व नंतर हॉटेलचा खर्च कोण देणार? एका मुलाला लागण झाली तर पालकांना त्याच्यासोबत राहता येईल का? बंदर नाकारले गेले तर भरपाई काय? प्रवास विम्यात करोना समाविष्ट आहे की वगळलेला? या प्रश्नांची उत्तरे तोंडी घेऊ नयेत. घरात साठीपुढचे, मधुमेह वा हृदयविकार असलेले कोणी असेल, तर लाट असताना ती ओसरेपर्यंत थांबणेच शहाणपणाचे.

कर्मचाऱ्यांचे काय?

गोवा, मुंबई आणि कोकणातील अनेक घरे क्रूझवरच्या पगारावर चालतात. एप्रिल २०२० मध्ये 'मरेला डिस्कव्हरी'वरील सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईच्या समुद्रात पोहोचूनही उतरण्याच्या परवानगीसाठी खोळंबले होते. ती त्यांना २३ एप्रिलला मिळाली. पुढे सफरी सुरू झाल्या, तेव्हा लसीशिवाय नोकरीवर रुजू होणे अवघड झाले. कोविशिल्डच्या दोन मात्रांतील ८४ दिवसांचे अंतर परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्यांना २८ दिवसांवर आणण्याची सवलत जून २०२१ मध्ये मिळाली, तिचा मोठा आधार या तारवटींना होता. ज्यांनी कोव्हॅक्सिन घेतली होती, त्यांना नोव्हेंबरपर्यंत थांबावे लागले.

प्रवासी चार दिवसांनी घरी जातो. कर्मचारी पुढच्या दोन हजार प्रवाशांसाठी तेथेच असतो. उद्वाहनात मास्क लावण्याची विनंती करणारा तरुण नियमाचा बडगा उगारत नसतो. बाधित आढळल्यास बंद केबिनमध्ये सर्वाधिक दिवस त्याचेच जाणार असतात. क्रूझवरचा मास्क त्याच्यासाठीही असतो.