थरथरत्या ताऱ्याचे माप

पेटत्या चुलीवरील हवेतून पलीकडची भिंत पाहिली असता ती हलताना भासते. भिंत स्थिर असते. हलते ती मधली हवा. ताऱ्यांचे लुकलुकणे याच कारणाने घडते. आपणांस ते मनोहर वाटते. परंतु खगोलशास्त्रज्ञांना ती मोठी अडचण होय. आठ मीटर रुंद आरशाची दुर्बीण पुष्कळ प्रकाश गोळा करते खरी. तथापि हवेच्या या खेळामुळे तिचे चित्र वीतभर आरशाच्या दुर्बिणीहून फारसे रेखीव येत नाही.

१९५३ साली होरेस बॅबकॉक या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने उपाय सुचविला : हवेने प्रकाशात केलेला बिघाड सतत मोजावा आणि वाटेतच त्याची उलट भरपाई करावी. पण मोजावा कसा?

दूरच्या ताऱ्याचा प्रकाश सपाट पत्र्यासारख्या लाटेने येतो, अशी कल्पना करू. उष्ण हवेतून तो किंचित वेगाने, थंड हवेतून किंचित सावकाश जातो. म्हणून त्या पत्र्यास जणू पोचे पडतात. ही लाट इवल्या भिंगांच्या जाळीवर घेतली, तर प्रत्येक भिंग ताऱ्याचा एकेक ठिपका पाडते. लाट सपाट असेल, तर ठिपके ओळीने लावलेल्या रोपांप्रमाणे उभे राहतात. पोचा असेल तेथील ठिपका सरकतो. तो कोणीकडे व किती सरकला, यावरून संगणक लाटेचा संपूर्ण आकार काढतो. जर्मनीच्या हार्टमान यांनी पूर्वी भोकांच्या पडद्याने भिंगे व आरसे पारखले होते; रोलंड शॅक व बेन प्लॅट यांनी १९७१ साली भोकांच्या जागी भिंगे योजिली.

पुढचे काम लवचीक आरशाचे. लाटेचा जो भाग मागे पडला, तेथे आरसा त्या अंतराच्या निम्म्याने पुढे येतो. कारण परतताना प्रकाशाची वाट दुपटीने कमी होते. चिली देशातील पारानाल पर्वतावरील एका दुर्बिणीत असा १.१ मीटर रुंद, केवळ २ मिलिमीटर जाड आरसा आहे. त्यामागील ११७० चालक त्याचा आकार सेकंदास हजार वेळांपर्यंत बदलतात.

मात्र मापासाठी जवळपास तेजस्वी तारा हवा, आणि तो सर्वत्र नसतो. म्हणून सुमारे ९० किलोमीटर उंचीवरील सोडियमच्या थरावर लेझर किरण सोडून कृत्रिम तारा निर्माण करतात. तरीही लेझर त्याच हवेतून वर जाऊन परत येत असल्याने चित्राचे एकंदर डोलणे त्यावरून कळत नाही. तेवढ्यासाठी एखादा मंद, पण खरा तारा लागतोच.

या खटाटोपाचे फळ काय? आपल्या आकाशगंगेच्या मध्याभोवती सुमारे १६ वर्षांत एक फेरा घेणारा तारा स्पष्ट पाहता आला. त्याच्या गतीवरून तेथे सुमारे चाळीस लक्ष सूर्यांइतके वस्तुमान दाटलेले असल्याचे ठरले. या शोधाबद्दल राइनहार्ड गेन्झेल व अँड्रिया गेझ यांना २०२० साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा निम्मा वाटा मिळाला. वाऱ्याला थांबविणे कोणास साधले नाही. त्याचा खोडसाळपणा नेमका मोजता आला, एवढ्यानेच आकाश स्वच्छ झाले.