उघड्या तोंडावरची भिंत

नळाखाली लावलेला हंडा भरत आला की न बघताही कळतं. आधी आवाज खर्जातला, मग चढत चढत बारीक. उल्हासनगरच्या कॅम्पात, अंबरनाथच्या चाळीत, बदलापूरच्या सोसायटीत, जिथे जिथे पाण्याची वेळ गाठून भांडी भरावी लागतात, तिथे हे ज्ञान घरातल्या सगळ्यांच्या कानात असतं. पण आवाज चढतो कशामुळे? पाणी तेच, धारही तीच. बदलते फक्त पाण्याच्या वर उरलेली हवा. तिची उंची कमी होत जाते तसा तिचा सूर वर जातो. म्हणजे हंड्यात गाणारी असते ती हवा!

याच हवेला बारावीच्या प्रयोगशाळेत मोजपट्टी लावली जाते. उल्हासनगरची चांदीबाई आणि तलरेजा महाविद्यालयं घ्या की अंबरनाथ-बदलापूरची कनिष्ठ महाविद्यालयं, राज्य मंडळाच्या भौतिकशास्त्रात रेझोनन्स ट्यूबचं प्रॅक्टिकल आहेच. साहित्य किती साधं! उंच जारभर पाणी, त्यात वरखाली करता येणारी काचेची नळी, ट्यूनिंग फोर्क, रबराचा ठोकळा, मोजपट्टी आणि थर्मामीटर. फोर्कवर ५१२ हा आकडा कोरलेला असतो. त्याचे दांडे सेकंदाला ५१२ वेळा थरथरतात. तो रबरावर आपटायचा, नळीच्या तोंडावर आडवा धरायचा आणि नळी हळूहळू वर उचलत जायची.

आधी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. फोर्कचा आवाज इतका क्षीण की कानाशी नेला तरच कळावा. आणि मग, पाण्याच्या वर साधारण १६ सेंटिमीटर हवा उरली की नळी एकदम घुमते! शेजारच्या टेबलावरची मुलंही वळून बघतात. आणखी दोनेक सेंटिमीटर उचला, आवाज पडला. त्या एकाच उंचीत असं काय आहे?

हिशेब वेळेचा आहे. फोर्कच्या दांड्याला वरून खाली यायला सेकंदाचा १०२४ वा भाग लागतो. तेवढ्या क्षणात ध्वनी किती धावतो? हवा ३० अंश सेल्सिअस असेल तर सुमारे ३४ सेंटिमीटर. म्हणजे १७ खाली आणि १७ परत वर. खाली येणारा दांडा हवा दाबतो, ती दाट लाट नळीत उतरते, पाण्यावर आदळते आणि उलटून तोंडाशी येते. ती पोचते नेमकी त्या क्षणी, जेव्हा दांडा वर जायला निघालेला असतो.

आता खरं नवल बघा. नळीचं तोंड तर उघडं आहे. तिथे पोचलेल्या लाटेला अडवणारं काहीच नाही. मग ती सरळ बाहेर निघून जायला हवी ना? पण तिचा फार मोठा भाग तिथूनच माघारी फिरतो! हवेची लाट हवेवरूनच परतते.

हे घडतं कसं? गच्च भरलेली लोकल अंबरनाथला थांबते तेव्हा काय होतं ते आठवा. दारातली माणसं उतरतात, तिथे जागा होते, मागची माणसं पुढे सरकतात, मग त्यांच्या मागे जागा होते. माणसं बाहेर चाललेली असतात आणि मोकळी जागा मात्र डब्यात आत आत सरकत जाते. नळीच्या तोंडाशी आलेली दाट हवा अशीच बाहेर सांडते, आणि तिच्या मागे तयार झालेली विरळ लाट नळीत खाली निघते. त्याच वेळी वर जाणारा दांडाही आपल्या मागे हवा विरळ करत असतो. परतलेली विरळ लाट आणि दांड्याची नवी विरळ लाट एकमेकींवर अचूक बसतात. पुढच्या फेरीला दाटावर दाट. हे सेकंदाला ५१२ वेळा! क्षणार्धात इवल्याशा लाटांची बेरीज होऊन नळी गर्जते. हाच अनुनाद. आणि ही गर्जना फुकटची नाही. घुमणाऱ्या नळीवर धरलेला फोर्क लवकर शांत होतो, कारण त्याची ऊर्जा आता भराभर बाहेर पडत असते.

पण चौकस वाचकाच्या मनात एक प्रश्न आला असेल. हिशेबाने लागतात १७ सेंटिमीटर, आणि नळीत मोजली तर हवा १६. उरलेला सेंटिमीटर कुठे गेला?

तो नळीच्या बाहेर आहे! लाट काचेच्या काठावर परत फिरत नाही, थोडी बाहेर जाऊन फिरते. तोंडावरची थोडी हवाही नळीतल्या हवेबरोबर डोलत असते. ही अदृश्य भिंत काठापासून व्यासाच्या सुमारे ०.३ पट अंतरावर उभी असते. ३ सेंटिमीटर व्यासाच्या नळीला ०.९ सेंटिमीटर. मुलं जर्नलमध्ये हे ‘एंड करेक्शन’ एका ओळीत लिहून मोकळी होतात. पण तोंडाला पसरट कड नसलेल्या साध्या नळीसाठी हा आकडा गणिताने नेमका काढायला १९४८ साल उजाडावं लागलं. तो काढला हॅरल्ड लेव्हिन आणि ज्युलियन श्विंगर यांनी. हे तेच श्विंगर, ज्यांना क्वांटम विद्युतगतिकीसाठी १९६५ चं नोबेल मिळालं. काचेच्या नळीच्या तोंडावरच्या बोटभर हवेला एवढी बुद्धी खर्ची पडली!

मग बारावीचा विद्यार्थी ही अडचण कशी सोडवतो? वजाबाकीने. नळी आणखी वर उचलत गेलं की ५० सेंटिमीटरच्या आसपास ती पुन्हा घुमते. आता लाटेची फेरी तिप्पट लांब आहे, पण तोंडावरची भिंत तिथल्या तिथेच आहे. दोन्ही लांबींत तोच ०.९ चा फरक दडलेला, म्हणून ५०.२ मधून १६.१ वजा केले की तो आपोआप नाहीसा होतो. उरतात ३४.१ सेंटिमीटर. त्यांना ५१२ च्या दुपटीने गुणा. उत्तर येतं सेकंदाला ३४९ मीटर. टेबलावरून न हलता ध्वनीचा वेग हाती!

या आकड्याची किंमत न्यूटनला विचारावी. १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त त्याने ध्वनीचा वेग निव्वळ तर्काने काढला. त्याचं सूत्र ३० अंशांना सुमारे २९५ सांगतं. न्यूटन, आणि उत्तर १५ टक्क्यांनी कमी! चूक सापडली १८१६ मध्ये लाप्लासला. हवा दाबली की ती किंचित तापते, आणि लाट इतकी घाईत असते की ती उष्णता निसटायला वेळच मिळत नाही. तापलेली हवा जास्त जोराने उसळते, म्हणून लाट जास्त वेगाने धावते. म्हणजे नळी घुमत असते तेव्हा तिच्यातली हवा सेकंदाला शेकडो वेळा कणभर तापत आणि निवत असते.

आणखी एक पाऊल टाकू. ध्वनी पुढे जातो तो हवेच्या रेणूंच्या धडकांमधून, त्यामुळे त्याचा वेग रेणूंच्या वेगाशी बांधलेला असतो. ३४९ वरून हिशेब केला तर रेणूंचा वेग निघतो सेकंदाला सुमारे ५११ मीटर. डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या रेणूंची धाव, आणि ती मोजली लाकडी पट्टीने!

रेणू उन्हाळ्यात जास्त पळतात, थंडीत कमी. बदलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो, तेव्हा ध्वनी सेकंदाला ३५५ मीटर धावतो. जानेवारीच्या पहाटे १५ अंशांना ३४०. म्हणून तीच नळी, तोच फोर्क घेऊनही दोन घुमण्यांमधलं अंतर मे महिन्यात ३४.६ सेंटिमीटर येईल आणि जानेवारीत ३३.२. प्रॅक्टिकलच्या पानावर तापमान लिहायला का लावतात, ते आता कळलं? रेझोनन्स ट्यूब हा एक थर्मामीटरसुद्धा आहे.

हे घरी करून बघा. तीनेक सेंटिमीटर रुंदीचा हातभर पीव्हीसी पाइप, खोल बादलीभर पाणी आणि मोबाइलवर सूर काढणारं एखादं ॲप. सूर १०२४ हर्ट्झवर ठेवा आणि स्पीकर पाइपच्या तोंडाशी धरा. पाइप उचलत गेलात की पाण्याच्या वर साडेसात सेंटिमीटरच्या आसपास तो एकदा घुमेल, पावणेपंचविसाच्या आसपास दुसऱ्यांदा. दोन्ही खुणांमधलं अंतर मीटरमध्ये मांडून २०४८ ने गुणा. तारीख आणि तापमान लिहून ठेवा आणि थंडीत पुन्हा मोजा. दोन्ही वेळी मोजलेल्या अंतरांत अर्धा-पाऊण सेंटिमीटरचा फरक पडेल. तेवढा फरक म्हणजे थंडीत हवेच्या रेणूंची कमी झालेली धाव, आणि ती तुम्ही स्वतः मोजलेली असेल.