द्राक्षाच्या खोक्यातला कागद

अन्नाच्या पॅकिंगची सुरक्षितता कशी सांभाळतात ते बघून या, असं संपादक म्हणाले. नाशकात हा विषय निघाला की पावलं दिंडोरी-निफाडच्या पॅक हाऊसकडे वळणारच. नियमांचं आधी थोडक्यात सांगतो. एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, पॅकेजिंगचे नियम २०१८ मध्ये अधिसूचित झाले आणि १ जुलै २०१९ पासून लागू झाले. प्लॅस्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या घटकांवर किलोमागे ६० मिलिग्रॅमची मर्यादा आली. भजी वर्तमानपत्रात बांधून देण्यालाही बंदी झाली. वेष्टनातलं काही अन्नात उतरू नये, हे या सगळ्याचं सार.

निर्यातीच्या द्राक्षाच्या खोक्यात मात्र एक कागद नेमका उलट वागतो. आतून काहीतरी सोडत राहणं हेच त्याचं काम. पॅक हाऊसमध्ये त्याला ग्रेप गार्ड म्हणतात. कागद आणि प्लॅस्टिकच्या थरांमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइटची पूड बंद केलेली असते. खोक्यातली दमट हवा तिला लागली की सल्फर डायऑक्साइड सुटतो. अशा दुहेरी कागदाचा, म्हणजे पॅडचा, एक भाग पहिल्या एक-दोन दिवसांत जोरात वायू सोडतो, दुसरा पुढे काही आठवडे थोडा थोडा. हा खटाटोप राखाडी बुरशीसाठी. शून्य अंशाच्या आसपासही ती वाढते आणि एका मण्यावरून शेजारच्या मण्यावर जाते, त्यामुळे नुसत्या थंडीने भागत नाही.

मी सर्वात जास्त वेळ रेंगाळलो तो हे पॅड ठेवणाऱ्या एका ताईंजवळ. अर्ध्या किलोचे दहा पनेट, म्हणजे छोटे डबे, भरलेली खोकी लायनर, म्हणजे आतली प्लॅस्टिकची पिशवी, उघडा ठेवूनच प्रीकूलिंगला, म्हणजे आधी थंड करायला, जातात. माल चार अंशांच्या खाली आला, की मग पॅड ठेवायचा आणि लायनर मिटायचा. गरम मालावर लायनर मिटला तर आत दव धरतं आणि आठवडेभर पुरायचा वायू एकदम सुटतो. ताई एका वेळी एकच पाकीट फोडत होत्या, कारण उघड्या पाकिटाला हवेतली ओल लागते. पनेटच्या आत थेंब दिसला की ते खोकं बाजूला. बोलणं फारसं नाही, नजर मात्र थेंबावर.

वायू कमी पडला तर बुरशी. जास्त झाला तर देठाजवळ मण्याचा रंग उडतो. युरोपात द्राक्षात सल्फाइटची मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आहे. दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो. लायनरला छिद्रं जास्त असली तर वायू निसटतो आणि देठ सुकतात, कमी असली तर वायू कोंडतो. त्यात २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास लांबला. दिवस वाढले म्हणून दुसरा पॅड टाकता येत नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. २००६ पासूनच्या ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या व्यवस्थेमुळे औषधांच्या अंशांसाठी बागेतला नमुना काढणीआधी प्रयोगशाळेत जातो, प्लॉटपर्यंतचा माग लागतो. पण तो नमुना निघतो तेव्हा हा कागद खोक्यात आलेलाही नसतो. त्यानंतरची सुरक्षितता कारखान्यात घातलेल्या पॅडच्या थरांवर, वीज न जाण्यावर आणि हंगामी कामाला आलेल्या बायकांच्या सवयीवर टिकते. म्हणून प्रत्येक खोक्यामागे पॅडचा बॅच नंबर आणि लायनर मिटतानाचं तापमान लिहिलेलं असलंच पाहिजे. माल परत आला, तर दोष बागेचा, कागदाचा की थंडीचा, हे निदान सांगता येईल. नाहीतर त्याची किंमत शेतकऱ्याच्याच पट्टीतून वजा होईल.