ऋतुमान आणि इंजिनाचें वंगण

निफाडच्या बाजूस पौष-माघांत पारा कधीं कधीं ५ अंशांच्या खालीं उतरतो. द्राक्षबागाइतदारास त्याच वेळीं, ऐन पहांटेच्या गारठ्यांत, बागेस पाणी सोडावें लागतें. नाहीं तर मण्यांस तडे जातात. वीज नसेल तर जनित्राचें इंजिन त्या घटकेस चालू झालेंच पाहिजे. न झाल्यास बॅटरीला दोष देण्यापूर्वीं चेंबरांत कोणतें तेल आहे तें पाहावें, अशी आमची वाचकांस सूचना आहे.

तेल थंडीनें घट्ट होतें, हें ज्याच्या घरीं खोबरेलाची बाटली आहे त्यास सांगावयास नको. इंजिन-तेलाच्या डब्यावर १५डब्ल्यू-४० असें छापलेलें असतें. हे उष्णतेचे अंश नव्हेत. डब्ल्यू हें हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें आद्याक्षर होय. त्याच्या आधींचा आंकडा जितका लहान, तितकें तेल गारठ्यांत सहज वाहतें. नंतरचा आंकडा १०० अंश सेल्सिअसवरील जाडी दाखवितो. नुसतें ४० क्रमांकाचें तेल तापल्यावर याच जाडीच्या वर्गांतलें असतें. परंतु पहांटे तें बेअरिंगांपर्यंत उशिरां पोंचतें, आणि झीज नेमकी तेव्हांच अधिक होते. म्हणून कारखान्याच्या पुस्तिकेंत मुभा असेल तर बारमास १५डब्ल्यू-४० वापरावें, असें आमचें मत आहे.

वैशाखांत विदर्भांतला पारा ४५ वर गेला कीं 'आतां जाड तेल घाला' असा सल्ला हमखास मिळतो. पाण्यानें थंड होणाऱ्या इंजिनापुरता तरी तो आम्हांस पटत नाहीं. रेडिएटर स्वच्छ असेल तर तेंच तेल पुरतें; आणि तो तुंबला असेल तर जाड तेलानें तो मोकळा होत नाहीं! हवेनें थंड होणारें इंजिन मात्र अधिक तापतें. तेथें पुस्तिकेंतील तक्ताच प्रमाण मानावा.

खरा घात पावसाळ्यांत होतो. वीज गेली म्हणून इंजिन दहा मिनिटें चालविलें व बंद केलें, तर आंत जमलेलें पाणी उडून जाण्याइतकें तेल तापतच नाहीं. कोंकणच्या दमट हवेंत तर याची विशेष काळजी घ्यावी. महिन्यांतून एकदां तरी अर्धा तास भार देऊन तें चालवावें. डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसलें तर तें ताबडतोब काढावें. नवें घालूनहि पुन्हां तसेंच झालें, तर पाणी गॅस्केटांतून शिरत आहे असा संशय घेऊन मिस्त्री बोलवावा. चार महिने इंजिन बंद ठेवावयाचें असेल तर तेल आधींच बदलावें. जुन्या तेलांत ज्वलनाचीं आम्लें असतात व तीं बेअरिंगें खातात.

डिझेल इंजिनास सीएच-४, सीआय-४ अशी 'सी'नें आरंभ होणारी प्रत लागते. घरांत उरलें आहे म्हणून मोटारसायकलचें तेल त्यांत ओतूं नये. चांगल्या प्रतीचें तेल डिझेल इंजिनांत लवकर काळें पडतें. तें काजळी धरून ठेवीत असल्याची ती खूण आहे. तें रंगावरून बदलूं नये, चालविलेल्या तासांवरून बदलावें. ते तास खडूनें जनित्राच्या खोलीच्या दारावर मांडून ठेविले तरी चालतें.