शंभर मीटर बघायचं, एकवीस किलोमीटर धावायचं: चाळिशीनंतर वेगाने धावावं का?

ऑलिंपिकमध्ये सर्वांत जास्त उत्सुकता असते ती १०० मीटरच्या शर्यतीची. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये ९.५८ सेकंदांत हे अंतर कापलं, हा आकडा खेळाशी संबंध नसलेल्यांनाही माहीत असतो. स्वतः धावायची वेळ आली की मात्र आपण दहा किंवा एकवीस किलोमीटरसाठी नाव नोंदवतो. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि आता जवळजवळ प्रत्येक शहरात अशी स्पर्धा असते. आपल्याकडची गाजलेली नावंही पल्ला गाठणाऱ्यांची: कविता राऊत, ललिता बाबर, अविनाश साबळे. त्यामुळे वेगाने धावणं हे फक्त खेळाडूंचं काम, असा समज झाला आहे. डॉक्टर म्हणून मला तो पटत नाही.

आपल्या स्नायूंमध्ये ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. मंद तंतू ऑक्सिजन वापरून तासन् तास काम करतात. जलद तंतू झटकन मोठी ताकद लावतात, पण लवकर थकतात. जोरात धावताना पहिले काही सेकंद स्नायूंत आधीच साठवलेली ऊर्जा वापरली जाते, त्यानंतर ऑक्सिजनविना साखरेचं विघटन होतं. मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरमध्ये जवळजवळ सगळी ऊर्जा ऑक्सिजनच्या मदतीनेच तयार होते. म्हणून लांब धावण्याने हृदय-फुप्फुसांची क्षमता वाढते, रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहायला मदत होते. हे फायदे मोठे आहेत, त्याबद्दल वाद नाही.

पण वय वाढतं तसे आधी बारीक होतात ते जलद तंतू, आणि रोज एकाच संथ गतीने धावल्याने त्यांना फारसं काम मिळत नाही. पाय अडखळल्यावर पटकन सावरणं, बस पकडणं, हात न टेकता खाली बसून उठणं, हे सगळं त्यांच्या जोरावर चालतं. सत्तरीत पडून खुब्याचं हाड मोडलेले रुग्ण पाहिले की मला नेहमी हे तंतू आठवतात.

याचा अर्थ उद्याच मैदानात जाऊन जीव खाऊन पळा, असा नाही. सोसायटीच्या क्रिकेट सामन्यात एक चोरटी धाव घेताना मांडी धरून खाली बसणारे काका तुम्ही पाहिले असतील. मांडीच्या मागचा स्नायू असाच दुखावतो, थंड शरीराने अचानक वेग घेतल्यावर. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, ज्यांना व्यायामाची सवय नाही त्यांच्यात अचानक केलेल्या जोरदार श्रमाने हृदयविकाराच्या झटक्याचा धोका तात्पुरता वाढतो. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात कमी वयात हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. ही तपासणी एकवीस किलोमीटरवाल्यांनाही तितकीच लागू आहे. टी-शर्ट आणि मेडलच्या नादात ती राहून जाते.

सुरुवात करायची तर आधी सहा-आठ आठवडे भरभर चालणं आणि हळू धावणं अंगवळणी पडू द्या. सोबत आठवड्यातून दोनदा बैठका आणि टाचा उचलण्याचा व्यायाम करा. मग आठवड्यातून एकदा, दहा-पंधरा मिनिटं शरीर गरम करून, हलक्या चढावर दहा-पंधरा सेकंद जोरात धावा, चालत खाली या, पूर्ण दम घ्या आणि पुन्हा जा. सुरुवातीला चार वेळा पुरे. चढावर वेग आपोआप मर्यादित राहतो आणि पाय जमिनीवर कमी आदळतात. पूर्ण ताकद लावू नका. गुडघे दुखत असतील तर सायकलवर किंवा जिन्यावरही हे जमतं. दुसऱ्या दिवशी विश्रांती किंवा नुसतं चालणं.

धावताना, मग ते संथ असो वा जोरात, छातीत दाब किंवा जळजळ, जबडा वा डाव्या हातात कळ, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली तर तिथेच थांबा. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून राहिलेलं अंतर पूर्ण करू नका. सोबतच्याला सांगा, १०८ला फोन करा आणि स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नका.